बाळ फिरणे (पोटातली पहिली हालचाल)

गरोदर बाईला पोटातल्या बाळाची हालचाल पहिल्यांदा जाणवते त्याला बाळ फिरणे म्हणतात. पुस्तकी मराठीत गर्भस्पंदन, डॉक्टर लोकांच्या भाषेत क्विकनिंग, आणि वऱ्हाडातल्या खेड्यात सरळ प्रश्न, "काऊन वं, फिरते का लेकरू?" पहिलटकरणीला हे साधारण 18 ते 20 आठवड्यांत म्हणजे पाचव्या महिन्यात कळतं, आधी बाळंतपण झालेलं असेल तर 16 आठवड्यांच्या आसपासही. दुसऱ्या वेळेस लवकर कळतं म्हणजे दुसरं बाळ लवकर हलतं असं काही नाही, बाईला ती खूण आधीची ओळखीची असते एवढंच. बाळ हलायला लागतं ते फार आधी, सोनोग्राफीत 7-8 आठवड्यांपासून दिसतं, पण तेव्हा ते भुईमुगाच्या दाण्याएवढं, आणि त्याच्या भोवती पाण्याची पिशवी, मग आईला पत्ता कसा लागणार. 20 आठवड्यांचं बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण 25 सेंटीमीटर आणि वजनाला 300 ग्रॅमच्या आसपास असतं, तोवर धक्का पोटाच्या भिंतीला लागायला लागतो.

कसं वाटतं हे ज्या बाईला विचाराल ती वेगळं सांगते. डोळा लवतो तसं पोटात लवलं. मासोळी सुळकन गेली. तव्यावर ज्वारीची लाही फुटते तसं टचकन झालं. आणि निम्म्या जणींना वाटतं गॅस झाला, आदल्या रात्री वांग्याची भाजी जास्त खाल्ली म्हणून असेल. पहिल्या वेळी "मले तं काहीच समजून नाई राह्यलं" म्हणणारी बाई आठ-दहा दिवसांनी स्वतःच सांगते की अवं ते गॅस नोतं. आधी तीन-चार दिवसांतून एकदा, मग रोज, मग दिवसातून कितीतरी वेळा, आणि साधारण 24 आठवड्यांनंतर घरच्यांनी पोटावर हात ठेवला तर त्यांनाही कळतं. तोवर मात्र ही गोष्ट पूर्णपणे एकट्या बाईची असते, ती सांगेल तेच खरं धरावं लागतं. सासूने "आम्हाले तं चवथ्यातच समजलं होतं" म्हणून तिला घाबरवायचं काही कारण नाही.

उशिरा कळायची कारणं बरीच साधी असतात. वार जर गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला चिकटलेली असेल (रिपोर्टवर अँटेरिअर प्लासेंटा असं लिहिलेलं असतं, बाया ते वाचून उगाच धसका घेतात) तर ती गादीसारखी मधे येते आणि लाथ मऊ होऊन पोचते. बाई अंगाने भरलेली असेल तरी उशीर होतो. तारीखच चुकलेली असेल तर तेही. आणि आपल्याकडचं एक कारण म्हणजे काम. सकाळपासून निंदण नाहीतर कापूस वेचणी, कमरेला ओटी बांधलेली, त्यात कापूस भरत चाललेला, वाकून वाकून पाठ गेलेली, तेव्हा पोटातली ती बारीक लव कोणाच्या लक्षात येणार? लक्ष कामात असलं की हालचाल जाणवत नाही, म्हणून कित्येक बायांना पहिल्यांदा कळतं ते रात्री सगळी झाकपाक करून अंथरुणावर पडल्यावर. 24 आठवडे होऊनही काहीच कळलं नाही तर मात्र दाखवून घ्यायचं, तिथे थांबायचं नाही.

आत्ता सोनोग्राफी आहे म्हणून तारखेचा हिशोब कागदावर मिळतो, पण आधी दाईचं कॅलेंडर हेच होतं. शेवटची पाळी कधी आली हे कोणी लिहून ठेवत नव्हतं, पण लेकरू कधी फिरलं ते सणावरून आठवायचं. डॉक्टरी पुस्तकातला ढोबळ हिशोब असा की पहिलटकरणीने पहिल्या हालचालीच्या तारखेत 22 आठवडे मिळवायचे, आधी बाळंत झालेलीने 24. म्हणजे एखाद्या पहिलटकरणीला पोळ्याच्या दिवशी कळलं असेल तर 22 आठवडे म्हणजे पाच चांद्र महिने आणि एक आठवडा, बाळंतपण रथसप्तमीच्या आसपास, आणि आधी बाळंत झालेली असेल तर महाशिवरात्रीच्या आठवडाभर आधी. दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होणारच, कारण पहिली हालचाल नेमकी कोणत्या दिवशी कळली हेच मुळात डगमगतं असतं. सुरुवातीच्या सोनोग्राफीची तारीख याच्यापेक्षा कितीतरी पक्की, त्यामुळे दोन्हीत फरक पडला तर सोनोग्राफी धरायची.

जुन्या लोकांनीही या काळाला वेगळं मानलं होतं. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं असं म्हटलंय, म्हणून बाई दोन हृदयांची होते, दौहृदिनी, आणि तिची इच्छा ही आतल्या जीवाचीही इच्छा. या इच्छेला दोहद म्हणत, आपला डोहाळे हा शब्द त्यातूनच आला. चिंचेचा आंबटपणा किंवा भट्टीतली माती खावीशी वाटणं (माती खावीशी वाटली तर ते डोहाळे म्हणून सोडून न देता रक्त तपासा, बऱ्याचदा हिमोग्लोबिन कमी निघतं) हे सगळं त्या एका शब्दात बसवलेलं आहे.

कायद्यात पण ही हालचाल शिरली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बाळ हलल्याआधीचा आणि हलल्यानंतरचा गर्भ वेगळा धरत, तेच 1860 च्या भारतीय दंडसंहितेत आलं. कलम 312 प्रमाणे बेकायदा गर्भपात करवला तर 3 वर्षांपर्यंत शिक्षा, आणि बाई 'स्पंदनगर्भा' असेल (हा शब्द हिंदी भाषांतरातला) तर 7 वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिथे हेच कलम 88 मधे तसंच बसलंय. म्हणजे जी गोष्ट फक्त बाईलाच कळते तिच्यावर शिक्षेचे वर्ष ठरतात, गंमतच आहे. कायदेशीर गर्भपाताचा 1971 चा कायदा मात्र हालचाल बघत नाही, आठवडे मोजतो.

उजवीकडे लाथ मारली तर पोरगा, डावीकडे मारली तर पोरगी, हे अजूनही विहिरीवर आणि बचतगटाच्या मीटिंगमधे ऐकू येतं. त्यात काही तथ्य नाही, बाळ पाण्यात गिरक्या घेत असतं, आज इकडे उद्या तिकडे. जास्त हलतं म्हणजे मुलगाच हेही तसंच.

28 आठवड्यांनंतर या हालचालीचा अर्थ बदलतो, मग ती कौतुकाची राहत नाही, बाळाच्या तब्येतीची खबर होते. हालचाल साधारण 32 आठवड्यांपर्यंत वाढत जाते आणि मग तशीच राहते. शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, असं सगळेच सांगतात, शिकलेले पण सांगतात, आणि ते चूक आहे. हलण्याची पद्धत बदलते, लाथेऐवजी वळवळ आणि सरकणं जास्त होतं, पण हलणं कमी व्हायला नको. बाळ झोपतंही, 20 ते 40 मिनिटं, सहसा दीड तासाच्या वर नाही. ठराविक तालात टिकटिक जाणवली तर ती बाळाची उचकी असते. लग्नातल्या डीजेजवळ बसलं की आतलं लेकरू दचकतं हेही खरं आहे, सहा-सात महिन्यांचं झालं की त्याला ऐकू येतं, अभिमन्यूची गोष्ट सांगायला आपल्याकडे निमित्तच लागतं.

शंका आली तर जेवून डाव्या कुशीवर पडायचं आणि दोन तास फक्त पोटाकडे लक्ष द्यायचं, 10 हालचाली भरल्या नाहीत तर तडक दवाखाना. आणि हालचाल एकदम थांबली असेल तर दोन तास मोजतही बसायचं नाही. रोज वहीत काड्या मारून मोजलंच पाहिजे असं नाही, 1989 साली 68,000 बायांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात सगळ्यांना मोजायला लावून बाळांचे मृत्यू काही कमी झालेले दिसले नाहीत. आपल्या बाळाची रोजची सवय माहीत असणं आणि ती बदलली की लगेच निघणं, एवढं जमलं पाहिजे. थंड पाणी पिऊन बघ, गूळ खाऊन बघ, उद्या बघू, यात रात्र जाते. ज्या बाईचं रक्त कमी आहे, बीपी वाढलंय, किंवा जी सिकलसेलची आहे (रक्ताचा आनुवंशिक आजार, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ, अमरावती सगळीकडे आहे) तिने तर अजिबातच थांबायचं नाही, कारण तिच्या वारेतून बाळाला रक्त आधीच कमी पोचू शकतं. खर्ऱ्याचंही तेच, सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला तो खर्रा बायाही खातात, भूक मारायला, आणि तंबाखूने बाळाची वाढ खुंटते.

लगेच निघणं हे लिहायला सोपं आहे. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की गावच तुटतं, मेळघाटातल्या पाड्यावर मोबाईलची रेंज मिळायला टेकडी चढावी लागते, रुग्णवाहिकेच्या 102 नंबरला फोन लागला तरी गाडी यायला रस्ता पाहिजे. म्हणून आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ माहेरघर आहेत, तारीख जवळ आली की बाईने आधीच तिथे येऊन राहायचं. येत नाहीत असं म्हणून बायांना नावं ठेवतात, पण घरी दुसरं लेकरू, बकऱ्या आणि वेचणीची मजुरी सोडून यायचं कसं हे पण कोणी विचारावं. महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, तिथे सिस्टरने "बाळ फिरते ना?" विचारलं की बाया लाजून नुसती मान हलवतात, मग कार्डावर 'हालचाल आहे' असं लिहून होतं. आशाताई ओळखीची असते, तिच्यापुढे खरं बोलतात.

अजून एक गोष्ट. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी सुरू व्हायच्या आतच पुन्हा दिवस जाऊ शकतात, पाळी चुकली हे कळायला पाळीच आलेली नसते, आणि मग पोटात काहीतरी फिरतंय हीच पहिली बातमी असते, तेव्हा पाचवा महिना लागलेला असतो. उलटही होतं, बाळंत होऊन वर्ष झालं तरी काहींना रिकाम्या पोटात लाथ बसल्यासारखी वाटते, आतड्याची हालचाल असते ती बहुतेक, आणि जाऊ हसते की "अजून एक हाय का वं आत?" आशाताईकडे निश्चय किट (दिवस गेलेत का ते लघवीवरून तपासायचं) असतं, हसून झालं की एकदा तपासून घ्यायचं.