द इओलियन हार्प

इंग्लिश कवी सॅम्युएल टेलर कोलरिज (1772–1834) याची निर्यमक छंदातली 64 ओळींची भावकविता. सॉमरसेटमधील क्लीव्हडन या समुद्राकाठच्या गावी ती रचली गेली. कवीनेच 20 ऑगस्ट 1795 ही तारीख दिली आहे. तेव्हा तो 22 वर्षांचा होता. पुढे 4 ऑक्टोबरला ब्रिस्टलमध्ये सॅरा फ्रिकरशी त्याचे लग्न झाले. कविता तिला उद्देशूनच आहे. 1796च्या संग्रहात ती ‘एफ्युजन 35’ या रुक्ष नावाने छापली गेली. आजचे नाव 1817मध्ये मिळाले.

या कवितेवर बरेच लिहिले जाते ते तत्त्वज्ञानाच्या अंगाने. पण तिच्यातले वाद्य नेमके कसे वाजते हे आधी समजून घेतले, तर तत्त्वज्ञानाचा निम्मा भाग आपोआप उलगडतो.

इओलस हा ग्रीक पुराणातला वाऱ्याचा स्वामी. त्याच्या नावाचे हे वाद्य, इओलियन हार्प (वाऱ्याची वीणा), म्हणजे खिडकीच्या फटीत बसेल अशी लांबट लाकडी पेटी. तिच्यावर दोन घोड्यांवरून (तारा उचलून धरणाऱ्या पट्ट्यांवरून) तातेच्या, म्हणजे आतड्याच्या, तारा ताणलेल्या असतात. वाजवणारा कोणी नसतो. खिडकी उघडायची आणि वाऱ्याची वाट पाहायची. अथानासियस किर्शर या जेझुइट पंडिताने 1650मध्ये त्याचे वर्णन केले होते आणि अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या घरांतून ते बऱ्यापैकी दिसू लागले. गंमत अशी की बहुधा सगळ्या तारा एकाच स्वरात लावतात, फक्त त्यांची जाडी वेगवेगळी ठेवतात. वारा तारेला ओलांडून जाताना तिच्या मागे आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात. ते सेकंदाला किती वेळा सुटतात, हे वाऱ्याच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर ठरते, हे श्ट्रोउहाल या चेक शास्त्रज्ञाने 1878मध्ये मोजून दाखवले. सेकंदाला 2 मीटर वेगाची झुळूक 1 मिलिमीटर जाडीच्या तारेवरून गेली, तर ही आवर्तने सेकंदाला सुमारे 400 भरतात. ती तारेच्या एखाद्या स्वयंभू स्वराशी (मूळ स्वराबरोबर तारेतून आपोआप उमटू शकणाऱ्या वरच्या स्वराशी) जुळली की तार बोलू लागते. जाड तार खालचा स्वयंभू स्वर उचलते, बारीक तार वरचा. झुळूक वाढली की स्वर चढतात. माळावरच्या विजेच्या तारा वाऱ्यात गुणगुणतात, त्यामागेही हेच भोवरे असतात.

एक झुळूक, एकच लावलेला स्वर, तरी प्रत्येक तारेचे बोलणे निराळे. कवितेतली प्रसिद्ध कल्पना या घडणीवर तंतोतंत बसते: सारी सजीव सृष्टी म्हणजे निरनिराळ्या बांधणीच्या वीणाच असतील तर? त्यांच्यावरून एकच विराट, चैतन्यमय वारा वाहतो आणि त्या थरथरून विचार होतात. तोच प्रत्येकाचा आत्मा आणि सर्वांचा ईश्वर. ‘निरनिराळ्या बांधणीच्या’ हे शब्द शोभेसाठी आलेले नाहीत. भेद बांधणीत आहे, वाऱ्यात नाही.

कविता तिथे पोचते ती मात्र सावकाश, ऐकत ऐकत. आरंभी जाईने आणि मर्टलने वेढलेली झोपडी, मावळतीचे ढग, शेतावरून येणारा सुवास; जग इतके स्तब्ध की दूरच्या समुद्राची कुजबुज शांततेचीच खबर देते. मग खिडकीतली वीणा. वाऱ्याच्या स्पर्शाला ती अर्धवट रुकार देणाऱ्या लाजऱ्या मुलीसारखी उत्तर देते. हा शृंगार सूचक वगैरे नाही, उघड आहे. वारा वाढतो तसे सूर नंदनवनाच्या पक्ष्यांसारखे न टेकता तरंगतात. (या पक्ष्यांना पायच नसतात असा युरोपात जुना समज होता, कारण तिकडे पोचणारी त्यांची कातडी पाय कापलेली असत.) यानंतरच्या, नादात प्रकाश आणि प्रकाशात नादासारखी शक्ती पाहणाऱ्या, आपल्या आत-बाहेर एकच जीवन आहे असे म्हणणाऱ्या ओळी सर्वाधिक उद्धृत होतात, पण त्या 1795च्या नाहीत, 1817मध्ये घातलेल्या आहेत. तरुण कवीचा उत्स्फूर्त उद्गार म्हणून त्या शिकवणे चूक आहे.

मराठी वाचकाला इथे अद्वैत आठवणे स्वाभाविक आहे. कोलरिजची वाट मात्र वेगळी होती: नवप्लेटोवाद (सारे अस्तित्व एकाच मूळ तत्त्वातून येते असे मानणारी प्राचीन विचारधारा), सतराव्या शतकातला केंब्रिजचा तत्त्वज्ञ राल्फ कडवर्थ आणि डेव्हिड हार्टलीचे कंपनांवर आधारलेले मानसशास्त्र. हार्टलीचे नाव तर त्याने 1796मध्ये आपल्या थोरल्या मुलाला दिले.

शेवटी सॅराच्या डोळ्यांत सौम्य नापसंती दिसते आणि कवी आपले विचार वायफळ तत्त्वज्ञानाच्या झऱ्यावरचे बुडबुडे म्हणून मागे घेतो. देवाने शांती, झोपडी आणि ती दिली याबद्दल आभार मानतो. अनेक समीक्षकांना ही माघार पचलेली नाही. आक्षेपात तथ्य आहे, कारण माघारीच्या ओळींत आधीचा नाद उरत नाही. पण सॅराला दोष देणे अन्यायाचे, ती कवितेत एक शब्दही बोलत नाही. ईश्वर आणि सृष्टी एकच मानण्याची धास्ती कोलरिजची स्वतःची होती.

ही प्रतिमा पुढे त्यानेच उलटवली. ‘डिजेक्शन: अ‍ॅन ओड’ या विषादाच्या कवितेत वारा तारा खरवडतो, त्यापेक्षा वाद्य मुके बरे असे कवी म्हणतो, आपण देऊ तेवढेच निसर्ग आपल्याला देतो, ही त्या कवितेची कडवट जाणीव. ती ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रात छापून आली 4 ऑक्टोबर 1802 रोजी, म्हणजे कोलरिजच्या लग्नाच्या सातव्या वाढदिवशी, संसार तोवर विस्कटला होता. इंग्लिश कवी शेलीने 1819मध्ये पश्चिमवाऱ्याला ‘अरण्यासारखी मलाही तुझी वीणा कर’ असे विनवले, त्यात शंकेला जागाच नाही.

मराठीत केशवसुतांच्या (1866–1905) ‘सतारीचे बोल’शी तुलना उद्बोधक ठरते. तिथेही खिडकीतून सूर येतात, तिथेही खिन्न मन पालटते आणि आधी न दिसलेले तारे दिसू लागतात. परंतु सतार माणूस वाजवतो आहे, आणि ऐकणारा बाहेर रस्त्यावर, अंधारात आहे.