विजेची मागणी आणि माशांचे पोट

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणाने 1963 मध्ये पाणी अडवायला सुरुवात केली. तेव्हापासून खाली ग्रँड कॅनियनमधले पाणी विजेच्या मागणीबरहुकूम रोज चढते-उतरते. माशांच्या पोटाला चिमटा बसतो तो यामुळे.

इथले मासे मुख्यतः पाण्यातल्या कीटकांवर जगतात. पण मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय असे चांगले पोटभरीचे कीटक इथे जवळपास नाहीतच. उरली ती बारीक चिलटे आणि ब्लॅकफ्लाय. याचे एक मोठे कारण अंड्यांत आहे. बरेच कीटक संध्याकाळी काठच्या ओल्या दगडांवर, पाण्याच्या पातळीलगत अंडी चिकटवतात. त्या वेळी विसर्ग जास्त असेल, तर रात्री पाणी उतरल्यावर दगड उघडे पडतात आणि अंडी वाळून जातात.

हे उघड झाले ते प्रकाशसापळ्यांमुळे. राफ्टिंगचे वाटाडे मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी तासभर दिवा लावून खाली अल्कोहोलचा ट्रे ठेवत. धरणातून सुटलेली लाट खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून पाणी उतरण्याची वेळ जागोजागी वेगळी. जिथे ती संध्याकाळी येते, तिथे सापळ्यात चिलटे जास्त! हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यावरून 2018 च्या मे ते ऑगस्टमध्ये प्रयोग झाला: शनिवार-रविवारी विसर्ग स्थिर, तोही इतर दिवसांच्या किमान पातळीपेक्षा जेमतेम 750 क्युसेकने जास्त. खरी मेख इथेच आहे. शनिवार-रविवारी भरपूर पाणी सोडले असते, तर तीच अंडी सोमवारी उघडी पडली असती. शिवाय त्या दोन दिवशी विजेची मागणी कमी, त्यामुळे तोटाही कमी.

वेळ साधली तरी गारठा राहतोच. पाणी जलाशयाच्या खोल थरातून येत असल्याने, जलाशय भरलेला असताना धरणाखाली ते बहुधा 8 ते 12 अंश सेल्सिअस असते. त्यात न्यूझीलंडच्या गोगलगायींनी तळ व्यापला. ट्राउट माशांनी त्या गिळल्या तरी कवचाचे झाकण घट्ट मिटून बऱ्याच जिवंत बाहेर पडतात. मार्च 2008 मध्ये सुमारे 60 तास 41,500 क्युसेक पाणी सोडले, तेव्हा धरणाजवळच्या गोगलगायी धुऊन गेल्या, चिलटे आणि ब्लॅकफ्लाय वाढले, ट्राउटही वाढले. पण ट्राउट हा इथे बाहेरून आणून सोडलेला मासा. तो इथल्या मूळच्या हंपबॅक चब माशाची पिल्ले खातो. त्यामुळे नदीत खाद्य वाढले, तरी ते कुणाच्या तोंडी जाते हेही पाहावे लागते.