नाईलची आणेवारी

आपल्याकडे आणेवारी काढायची तर आधी पीक उभं राहावं लागतं. प्राचीन इजिप्तमध्ये तिचा अंदाज पेरणीआधीच लागायचा, तोही शेतात पाऊल न टाकता. देशाच्या दक्षिण टोकाला, आजच्या आस्वानजवळ, एलिफंटाईन नावाचं बेट आहे. तिथे नाईल नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत आणि बाजूच्या भिंतीवर मापाच्या खुणा. पुराचं पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढलं हे पाहिलं, की यंदा धान्य किती पिकेल आणि सारा किती बसवता येईल हे अधिकाऱ्यांना कळे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोनं तर सरळच लिहून ठेवलंय : पूर जितका चढा, तितका महसूल चढा.

एका खुणेवर अख्ख्या देशाचा हिशेब बसायचा, कारण हिशेबात दुसरं काही नव्हतंच. कैरोत वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम २५ मिलिमीटर, आणि आस्वानला तर जवळजवळ नाहीच. वळवाची सर नाही, ओढे-नाले नाहीत. एक नदी आणि वर्षातून एक पूर. तोही ऐन उन्हाळ्यात, डोक्यावर ढगाचा ठिपका नसताना चढणारा.

हे पाणी येतं कुठून? इ. स. पूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं इजिप्तच्या पुजाऱ्यांना विचारून पाहिलं. कुणालाच सांगता आलं नाही. काही ग्रीक विद्वान म्हणत, दूरवरचं बर्फ वितळून येत असेल. हेरोडोटसनं ते खोडून काढलं. जिथून असे तापलेले वारे येतात तिथे बर्फ कुठला? शंका अगदी रास्त. पण त्यावर त्यानं स्वतः जे सुचवलं, की हिवाळी वादळं सूर्याला दक्षिणेकडे ढकलतात आणि तो तिथलं पाणी शोषून घेतो, ते वाचून आज हसू येतं.

पूर येतो इथिओपियाच्या पठारावरून. जून ते सप्टेंबर तिथे मोसमी पाऊस कोसळतो आणि ब्लू नाईल व अटबारा या नद्या तो खाली आणतात. व्हाइट नाईलचा स्वभाव वेगळा. ती व्हिक्टोरिया सरोवराकडून येते, दक्षिण सुदानच्या दलदलीत तिचं निम्मं पाणी वाफ होऊन जातं, पण उरलेली धार बारमाही असते. पुराचं श्रेय तिला नाही. पूर नसताना नदी आटू न देण्याचं मात्र आहे.

आता मातीकडे येऊ. इथिओपियाचं पठार मुख्यतः बेसाल्टचं, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचं. आपलं दख्खनचं पठारही लाव्हाचंच, वयानं दुपटीहून थोरलं. आपल्याकडे हा खडक झिजून काळी कसदार जमीन झाली. तिथे तो झिजला, पुरात विरघळल्यासारखा वाहिला आणि हजारो किलोमीटर दूर वाळवंटात जाऊन बसला. इजिप्तचे लोक आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत, म्हणजे काळी भूमी. पलीकडचं वाळवंट ते ‘देश्रेत’, तांबडी भूमी. जमिनीला काळी आई म्हणणाऱ्या मराठी शेतकऱ्याला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

शेतीची रीतही आपल्याला ओळखीची वाटेल. नदीकाठची जमीन बांध घालून मोठमोठ्या खाचरांत विभागलेली असे. पूर चढला की पाणी आत घ्यायचं, महिना-दीड महिना कोंडून ठेवायचं, गाळ बसू द्यायचा आणि मग नदी उतरल्यावर सोडून द्यायचं. वाफसा आला की गहू आणि जव फेकून पेरायचे, वरून मेंढरं फिरवून बी मातीत तुडवायचं. पुढे पीक त्या ओलीवरच यायचं, आपल्या रब्बी ज्वारीसारखं. या पद्धतीत एक मोठा फायदा दडलेला होता : परत जाणारं पाणी जमिनीतले क्षारही धुऊन नेई. आजच्या इराकमधल्या तैग्रिस-युफ्रेटिस नद्यांचा पूर वसंतात, पीक शेतात उभं असताना येई आणि तिथल्या जमिनी पुढे खारावल्या. नाईलकाठची शेतं हजारो वर्षं पिकत राहिली. वर्षाचे तीन ऋतूही याच क्रमानं : अखेत पुराचा, पेरेत पेरणीचा, शेमू कापणीचा. सुमारे ७० दिवस दडलेला व्याधाचा तारा पहाटे पुन्हा दिसला, की पूर जवळ आला असं समजत.

पूर किती हवा, हे रोमन लेखक प्लिनीनं हातांच्या मापात सांगितलंय. (तिथला हात २८ बोटांचा, सुमारे साडेबावन्न सेंटीमीटर.) १२ हात चढला तर उपासमार, १३ ला अजून भूक, १४ ला आनंद, १५ ला निश्चिंती आणि १६ ला चैन. त्याच्याही वर गेला तर बांध फुटणार, पाणी उशिरा ओसरणार, पेरणी चुकणार. उपासमार आणि चैन यांच्यात चार हातांचं, म्हणजे सुमारे दोन मीटरचं अंतर.

म्हणूनच मोजणं कधी थांबलं नाही. फेरो गेले, ग्रीक-रोमन गेले, अरब आले आणि ८६१ साली कैरोच्या रोडा बेटावर नवा मापस्तंभ उभा राहिला. सातव्या शतकापासूनच्या वार्षिक नोंदी आज उपलब्ध आहेत. त्यांत एक धागा आपल्यापर्यंत येतो. प्रशांत महासागरात एल निनो जोर धरतो तेव्हा बहुतेकदा इथिओपियातला पाऊसही कमी होतो आणि भारतातला मान्सूनही. १८७७ साली नाईलचा पूर कमालीचा खाली राहिला. त्याच सुमारास दख्खनमध्ये १८७६–७८ चा भीषण दुष्काळ चालू होता.

या नोंदींवर हॅरल्ड हर्स्ट या ब्रिटिश जलशास्त्रज्ञानं उभं आयुष्य घालवलं. धरण किती मोठं बांधावं, एवढा त्याचा साधा प्रश्न. १९५१ साली त्यानं दाखवून दिलं की चांगली-वाईट वर्षं नाणेफेकीसारखी सुटी सुटी येत नाहीत. ती घोळक्यानं येतात. त्यामुळे साठाही नेहमीच्या गणितापेक्षा मोठा लागतो. हा घोळक्याचा कल मोजणारा, त्याच्या नावाचा ‘हर्स्ट घातांक’ आज शेअर बाजाराच्या अभ्यासातही वापरतात.

१९७० साली आस्वानचं उंच धरण पुरं झालं. पूर थांबला. रोडाचा स्तंभ आता पर्यटक पाहतात, त्याच्या तळाला पाणी नसतं. इथिओपियाची काळी माती धरणामागच्या नासर सरोवरात साचते, आणि खालच्या शेतांत रासायनिक खताची पोती उतरतात.