मॉलमधील छोटा गाळा आणि उजेडाचे शास्त्र

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत साडी घेताना जाणते गिऱ्हाईक पदर हातात धरून दुकानाच्या दारापर्यंत येते आणि "जरा उजेडात बघू द्या" म्हणते. मॉलमधील गाळ्यात ही सोय नसते, कारण तिथे दाराबाहेरही दिवेच असतात. म्हणून पैठणी किंवा हिमरू विकणाऱ्या दहा फुटी गाळ्याची सजावट ठरवताना भिंतींचा रंग, पाटी, रॅक या सगळ्यांच्या आधी दिव्यांचा विचार व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

पांढऱ्या एलईडीत बहुधा निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळसर लेप त्यातील काही प्रकाशाचे पिवळ्या-तांबड्यात रूपांतर करतो. डोळ्याला हे मिश्रण पांढरे वाटते. पण साध्या दिव्यात गडद लाल प्रकाशाचा वाटा तोकडा असतो. जो रंग प्रकाशातच नाही तो कापड परावर्तित करू शकत नाही, त्यामुळे कुंकवासारखी लाल पैठणी अशा दिव्याखाली मळकट, विटकरी दिसते. दिवा रंग किती खरे दाखवतो हे सांगणारा अंक म्हणजे सीआरआय. त्याची कमाल मर्यादा 100. साधे एलईडी 80 च्या आसपास असतात, कापडाच्या दुकानाला 90 च्या वरचे हवेत. मात्र हा अंक आठ सौम्य रंगांच्या नमुन्यांची सरासरी असून गडद लाल त्यात धरलेलाच नाही. त्याची नोंद 'आर 9' म्हणून वेगळी होते, आणि दिवे घेताना दुकानदाराने ती आवर्जून विचारावी.

जरीची गोष्ट निराळी. जरीचा गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश ठरावीक दिशेनेच परतवतो, म्हणून छतावरच्या पसरट पॅनेलखाली ती निस्तेज वाटते आणि तिरप्या स्पॉटलाइटखाली लखलखते. धूपछाव पैठणीत उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा असल्याने कोन बदलला की रंग बदलतो. ती घडी करून रॅकमध्ये ठेवणे म्हणजे तिचे सौंदर्यच झाकणे होय. ती पुतळ्यावर, चुण्या पाडूनच दाखवावी.

काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे 8 टक्के प्रकाश परत फिरतो, त्यामुळे बाहेरची वाट झगझगीत आणि शोकेस मंद असेल तर जाणाऱ्याला काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. शिवाय डोळ्याला स्पष्ट दिसणारा भाग हात लांब केल्यावरच्या अंगठ्याच्या नखाएवढाच असतो. नजर सेकंदाला साधारण तीन वेळा जागा बदलते आणि दहा फुटी गाळा चालणाऱ्याच्या मागे पडायला तीनेक सेकंद लागतात. इतक्या आठ-नऊ नजरांत चाळीस साड्या दिसत नाहीत. साध्या भिंतीपुढे, आजूबाजूपेक्षा कितीतरी अधिक उजेडात ठेवलेली एक मात्र नक्की दिसते.

खरेदीचा निर्णय बहुतेक वेळा आरशापुढे, पदर खांद्यावर घेतल्यावर होतो. डोक्यावरच्या एकाच दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि चेहरा थकलेला दिसतो. म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर दिवे लावावेत आणि तेही शोकेसमधल्याच जातीचे असावेत, म्हणजे बाहेरून आवडलेला रंग अंगावरही तोच दिसेल.