हातकागद

वनस्पतिजन्य तंतू पाण्यात सुटे करून, जाळीच्या साच्यावर हाताने उचलून, दाबून व वाळवून केलेला कागद. याचा प्रत्येक ताव स्वतंत्र निघतो. सलग पट्टी देणाऱ्या यंत्राचे पेटंट फ्रान्समध्ये निकोला लुई रॉबेर याने १७९९ मध्ये घेतले. तोवर जगातला सगळा कागद हातकागदच होता.

उगम : कागदाच्या शोधाचे श्रेय परंपरेने चीनच्या हान राजवंशाच्या दरबारातील अधिकारी त्साय लुन याला देतात. झाडांच्या साली, वाखाचे तुकडे, चिंध्या व जुनी मासेमारीची जाळी यांपासून केलेला कागद त्याने इ. स. १०५ मध्ये सम्राटापुढे ठेवला, अशी नोंद नंतरच्या (उत्तरकालीन) हान वंशाच्या इतिवृत्तात आहे. हे इतिवृत्त मात्र पाचव्या शतकातले, म्हणजे घटनेनंतर तीन शतकांहून अधिक काळाने रचलेले आहे. शीआनजवळ बाच्याव येथे १९५७ मध्ये सापडलेले तुकडे त्साय लुनच्या आधीचे ठरवले गेले. पण ते खरोखर कागदाचे आहेत, की दाबाखाली चिकटलेला भांगेच्या वाखाचा नुसता गुंता, यावर एकमत नाही. तंतू कापून-कुटून पाण्यात विखुरले होते का, ही येथे खरी कसोटी आहे. गान्सू प्रांतात फांगमातान येथील थडग्यात मिळालेला कागदी नकाशाचा तुकडा साधारणपणे इ. स. पू. १७९–१४१ या काळातील मानला जातो. हे पुरावे एकत्र पाहता त्साय लुनला आद्य शोधकापेक्षा सुधारक मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. त्साय लुनच्या कच्च्या मालातील चिंध्या व जाळी मात्र विशेष महत्त्वाची आहेत : टाकाऊ मालाचा पुनर्वापर या व्यवसायात लेखी नोंदींच्या आरंभापासून दिसतो.

मध्य आशियात अरब व चिनी सैन्यांत ७५१ मध्ये झालेल्या तलास लढाईतील चिनी कैद्यांनी समरकंदला ही कला नेली, ही कथाही जपूनच घ्यावी. त्या परिसरात कागद त्याआधीच वापरात होता.

तंतू व लगदा : कापसाचा तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोज (वनस्पतींच्या तंतूंचा मुख्य घटक) असल्याने सुती कात्रणे फारशी न शिजवता कुटता येतात. तुतीची साल, ताग, घायपात व केळीचे सोपट यांतील लिग्निन (तंतू कडक करून एकमेकांना चिकटवणारे द्रव्य) आणि डिंकासारखी द्रव्ये काढण्यासाठी ती राख, चुना किंवा सोड्याच्या पाण्यात शिजवतात. कुटण्याने तंतू फुगतात, त्यांच्या पृष्ठभागावर बारीक तुसे सुटतात. वाळताना हे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. साध्या कागदाला वेगळा गोंद लागत नाही तो यामुळेच.

एकदा वाळलेला तंतू पुन्हा भिजवला, तरी पूर्वीइतका फुगत नाही व त्याचे बंध दुबळे पडतात. म्हणून निव्वळ रद्दीचा कागद चटकन फाटतो. त्यात लांब, ताजा वाख मिसळणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय. वर्तमानपत्राच्या रद्दीत लिग्निन राहिलेले असते, त्यामुळे तिचा कागद उजेडात पिवळा पडतो. छापील कागदाची शाई काढून नवा कागद करण्याची कृती जर्मनीत युस्टुस क्लाप्रोथ याने १७७४ मध्ये प्रसिद्ध केली.

ताव उचलणे : हौदातील लगदा अतिशय पातळ, बहुधा शेकडा एकाहून कमी तंतूंचा असतो. कारागीर चौकटीसह साचा तिरका बुडवून आडवा उचलतो आणि पाणी निथळण्याआधी मागे-पुढे व आडवा हलवतो. तंतू एकमेकांत गुंततात ते या काही क्षणांतच. ओल्या तावावर हाताचा एक थेंब पडला, तरी तेथे पातळ वर्तुळ उमटते व कागद उजेडासमोर धरल्यावर कायम दिसते. जपानी पद्धतीत हौदात वनस्पतीचा बुळबुळीत रस घालतात. त्याने लांब तंतू तळाशी बसत नाहीत आणि अतिशय पातळ, तरी चिवट ताव मिळतो. युरोपीय पद्धतीत ताव लोकरी कापडांच्या थरांत दाबून मग वाळवतात.

खळ : शाई पसरू नये म्हणून तावाला पिष्टाची खळ किंवा जिलेटिन देतात. राळ व तुरटी वापरल्यास कागदात आम्ल राहून तो कालांतराने ठिसूळ होतो. जुनी हस्तलिखिते सांधण्यासाठी म्हणूनच तुतीच्या सालीचा आम्लरहित हातकागद पसंत करतात.