रडायला थेटरात जायची सवय आली कुठून

घरात काय कमी टेन्शन आहेत म्हणून वर तिकीट काढून रडायला जायचं, हा प्रश्न रडका पिक्चर आला की कोणीतरी विचारतंच. पण आपल्याकडे ही सवय सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे. पहाटे जात्यावर बसलेली बाई सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, माहेरच्या आठवणीबद्दल एरवी जे चारचौघांत बोलू शकत नव्हती ते ओवीत म्हणायची, आणि समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ नाहीतर शेजारीण ते आपलंच म्हणून ऐकायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅन या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्यात सासुरवास किती आहे ते बघा म्हणजे कळेल.

हेच जातं पुढे स्टेजवर आलं. राम गणेश गडकरींचं 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने 1919 मधे आणलं, गडकरी त्याआधीच जानेवारीत गेले होते. भरजरी शालू-पैठण्यांसाठी लोक ज्यांना बघायला यायचे ते बालगंधर्व यात दारुड्याची बायको सिंधू म्हणून फाटक्या लुगड्यात दळायला बसले, आणि प्रेक्षक ढसाढसा रडले. मग 1953 ला अत्र्यांचा 'श्यामची आई', ज्याला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णपदक मिळालं.

पण खरा दणका 1991 च्या 'माहेरची साडी'चा. आधीची काही वर्षं अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डेंच्या कॉमेडीची, अशात विजय कोंडकेंनी एका राजस्थानी सिनेमाची गोष्ट मराठीत आणली. बाप जन्मापासून अपशकुनी मानतो, सासू छळते आणि अलका कुबल सगळं सोसते. शहरातल्या लोकांनी याला नाकं मुरडली, अजूनही मुरडतात, पण मला ते अजिबात पटत नाही कारण गावागावातनं बायका गटागटाने पदर डोळ्याला लावत हा पिक्चर बघून आल्या, आणि त्यातल्या कितीजणींना घरी मोकळं रडायची सोय होती? थेटरात अंधार असतो, शेजारची पण रडत असते आणि का रडतेस म्हणून कोणी विचारत नाही.

असं एकत्र रडल्याने काय होतं हे 2016 मधे ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी तपासून पण बघितलं. लोकांना एक दुःखी फिल्म एकत्र दाखवली, आणि आधी-नंतर भिंतीला पाठ टेकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायला लावलं, पाय दुखून उठेपर्यंत. ज्यांच्यावर फिल्मचा जास्त परिणाम झाला ते नंतर जास्त वेळ टिकले, म्हणजे दुखणं जास्त सोसू शकले, आणि सोबत बघणारे त्यांना जवळचे वाटायला लागले, साधा माहितीपट बघणाऱ्यांचं तसं झालं नाही. संस्कृत नाटककार भवभूतीने तर आठव्या शतकातच लिहून ठेवलंय की खरा रस एकच, करुण, बाकीचे त्याचीच रूपं.

2004 च्या 'श्वास'मधे छळणारं कोणीच नाही. नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर आहे, ऑपरेशननंतर दिसणार नाही, म्हणून आजोबा त्याला आदल्या दिवशी शहर दाखवायला हॉस्पिटलमधनं बाहेर काढतात, बस एवढंच. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला पुन्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाने आणला, आणि ऑस्करच्या प्रचाराला पैसे कमी पडले तेव्हा शाळेच्या पोरांपासून सगळ्यांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली.