वलय आधी मनगटात होतं

बेळगावच्या खडेबाजारात काकणं घ्यायला उभं राहिलं की दोन शब्द कानावर पडतात. मराठी बाई ‘बांगड्या’ मागते, कन्नड बाई ‘बळे’. नट, गायक, खेळाडूंना आपण ‘वलयांकित’ म्हणतो, त्या शब्दाचं मूळ या ‘बळे’च्या शेजारचंच. संस्कृतात वलय म्हणजे कडं, कंकण. कन्नड ‘बळे’, तमिळ ‘वळै’ आणि संस्कृत ‘वलय’ यांचं नातं भाषाभ्यासकांनी मांडलेलं आहे. दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या आम्हा सीमाभागातल्यांना ते लगेच पटतं.

कालिदासाकडे हे वलय सारखं घसरत असतं. मेघदूतातला यक्ष विरहानं इतका वाळतो की सोन्याचं वलय गळून त्याचं मनगट रिकामं होतं. शाकुंतलातला दुष्यंत तर घसरणारं कडं पुन्हा पुन्हा वर सारत बसतो. तेच शाकुंतल १८८० साली संगीत नाटक म्हणून मराठीत आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

पुढे कुठल्याही गोल कड्याला वलय म्हणू लागले. देवाच्या मस्तकामागे तेजोवलय आलं आणि त्यावरून प्रसिद्ध माणसाभोवतीही प्रसिद्धीचं वलय दिसू लागलं. ‘नामांकित’सारखाच ‘वलयांकित’ घडला. आता त्याच्या जागी सर्रास ‘सेलिब्रिटी’ येतो. मला मात्र वलय जास्त खरं वाटतं, कारण घसरणं त्याच्या अर्थातच आहे.

त्याआधी लौकिक होता, ख्याती होती आणि थोरांनी दिलेली उपाधी होती. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळीमठ या कन्नड घरातल्या मुलाचं गाणं ऐकून एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं. पोरवयातच मैफली गाजल्या. मग क्षयानं गाठलं. १९४८ च्या सुमारास ते मध्य प्रदेशात देवासला गेले आणि काही वर्षं त्यांचं गाणं बंदच राहिलं. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची लोकगीतं त्यांच्या कानावर येत होती. पुन्हा गायला बसले तेव्हा ती गीतं त्यांच्या गाण्यात उतरली होती, आणि ते गाणं पोरवयातल्या गाण्याहून वेगळं होतं.